चार्जरचे तोंड एक झाले, काम अजून अर्धेच

वीस वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानात चार्जर मागितला, की दुकानदार आधी विचारायचा, ‘पिन कोणती?’ नोकियाची जाड की बारीक, सोनी एरिक्सनची पसरट, सॅमसंगची चपटी, की मोटोरोलाची मिनी यूएसबी? फोन बदलला की चार्जर निकामी होई. पाहुण्यांच्या घरी फोन बंद पडला तर त्यांच्याकडे त्याच कंपनीचा फोन आहे का, इथून चौकशी सुरू व्हायची. आज नवा स्मार्टफोन घेणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. बहुतेकांना टाइप-सी लागते आणि ती कोणाच्याही घरी सापडते.

हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे सरकारे, कंपन्या आणि मानक ठरवणाऱ्या संस्था यांच्यातली दीड-दोन दशकांची ओढाताण आहे. तो पुरा झालेलाही नाही. केबल बसते, पण फोन रडतखडत चार्ज होतो. तीच केबल लॅपटॉपला लावली तर ‘चार्जर कमी क्षमतेचा आहे’ असा संदेश येतो. फोनवर ८० वॅट लिहिलेले असते आणि दुसऱ्या कंपनीचा तितक्याच वॅटचा चार्जर लावला तर त्याच्या पाव वेगानेही चार्जिंग होत नाही. त्यात वायरलेस चार्जिंग हा निराळा पर्याय पुढे आला आहे आणि ‘पुढे केबलच लागणार नाही’ असे सांगितले जाते. चार्जर एक करण्याचे काम कुठवर आले आणि वायरलेसचे खरे मोल किती, हे एकत्र तपासायला हवे.

कंपन्यांच्या मर्जीवरचा काळ

या कामाला लवकर हात घातला तो चीनने. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या माहिती उद्योग मंत्रालयाने चार्जरच्या डबीला यूएसबीचे तोंड असावे, असे मानक काढले. कल्पना साधी होती. भिंतीत लागणारा अडॅप्टर सगळ्यांचा सारखा आणि फोनपर्यंत जाणारी केबल वेगळी. केबल बदलली तरी डबी टाकून द्यावी लागू नये.

फेब्रुवारी २००९ मध्ये जगभरच्या मोबाइल कंपन्यांची संघटना जीएसएमए हिने मायक्रो यूएसबीचा सामाईक चार्जर जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपियन आयोगाने बड्या फोन उत्पादकांना एकत्र बसवून सामंजस्य करार घडवला आणि ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनेही या सामाईक चार्जरला मान्यता दिली. युरोपियन आयोगाच्या हिशेबाने २००९ मध्ये फोन चार्जरचे सुमारे ३० प्रकार होते. पुढच्या काही वर्षांत ते तीनवर आले.

पण हा करार ऐच्छिक होता आणि त्यात एक पळवाट होती. फोनला स्वतःचे वेगळे तोंड ठेवून सोबत जोडणी विकली तरी चालत होते. अ‍ॅपलने तीच वाट धरली. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लायटनिंग जोडणी आली. ती कशीही उलटसुलट बसणारी आणि मजबूत होती. त्या काळच्या मायक्रो यूएसबीपेक्षा ती सरस होती, हे मान्यच करायला हवे. मायक्रो यूएसबीची केबल अंधारात उलटी घातल्यामुळे खराब झालेले जॅक दुरुस्त करणे हा कित्येक मोबाइल रिपेअरिंगवाल्यांचा रोजचा धंदा होता. पण लायटनिंगच्या केबल आणि उपकरणे बनवणाऱ्या इतर कंपन्यांना अ‍ॅपलचा परवाना घ्यावा लागे आणि त्यातून पैसा येई. मर्जीवर सोडले तर असा फायदा कोणती कंपनी आपणहून सोडेल?

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचे तांत्रिक मानक आले. २४ संपर्कबिंदू, दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड, आणि त्याच केबलमधून वीज, डेटा व चित्र. लायटनिंगच्या बाजूने असलेला तांत्रिक युक्तिवाद इथेच लंगडा पडला. तरीही आयफोनचे तोंड बदलायला आणखी नऊ वर्षे लागली.

युरोपचा कायदा

शेवटची भिंत पडली ती कायद्याने. जानेवारी २०२० मध्ये युरोपियन संसदेने सामाईक चार्जरसाठी ठराव केला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने मसुदा मांडला आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये विकले जाणारे नवे फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर, ई-रीडर, कीबोर्ड आणि माउस यांना केबलने चार्ज होत असल्यास टाइप-सी बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी तारीख ठरली २८ एप्रिल २०२६. अ‍ॅपलने मुदतीच्या आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला टाइप-सी दिली. मुदत आली तेव्हा लायटनिंगवाले आयफोन १४ आणि आयफोन एसई युरोपातल्या विक्रीतून काढून घेतले. सौदी अरेबियानेही १ जानेवारी २०२५ पासून असाच नियम लागू केला.

बातम्यांत गाजला तो फोनच्या तोंडाचा भाग. कायद्यातल्या आणखी तीन तरतुदी तितक्याच मोलाच्या आहेत. पहिली, जलद चार्ज होणाऱ्या उपकरणाने ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही सामाईक पद्धत पाळलीच पाहिजे. कंपनीची स्वतःची पद्धत जोडीला असू शकते, पण सामाईक पद्धतीच्या जागी नव्हे. दुसरी, ग्राहकाला चार्जरशिवाय उपकरण विकत घेण्याची सोय हवी. तिसरी, उपकरणाला किती वॅट लागतात आणि सोबत चार्जर आहे की नाही, हे खोक्यावर चिन्हांनी दाखवले पाहिजे.

‘कायद्याने एक तोंड ठरवले की नव्या शोधांना खीळ बसते’ हा अ‍ॅपलचा आक्षेप होता आणि त्यात तथ्य आहे. २००९ मध्ये मायक्रो यूएसबीच कायद्यात कोरली असती, तर टाइप-सीची वाट कठीण झाली असती. म्हणून युरोपियन कायद्याने तांत्रिक परिशिष्ट बदलण्याचा अधिकार आयोगाकडे ठेवला आहे. शिवाय टाइप-सीला वाढायला भरपूर वाव आहे. २०२१ मध्ये पॉवर डिलिव्हरीची मर्यादा १०० वरून २४० वॅटवर गेली, तोंड मात्र तेच राहिले.

भारत कुठे आहे?

भारतात हा विषय २०२२ मध्ये सरकारी टेबलावर आला. ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादक, संघटना आणि तज्ज्ञांची बैठक घेतली. १६ नोव्हेंबरला, विभागाचे तेव्हाचे सचिव रोहित कुमार सिंग यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांच्यासाठी टाइप-सीवर एकमत झाले. साध्या, बटणांच्या फोनसाठी वेगळे तोंड राहू शकते असे ठरले. स्मार्ट घड्याळांसारख्या अंगावर घालायच्या उपकरणांसाठी उपगट नेमायचे ठरले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएस/आयईसी ६२६८०-१-३’ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाल्याचे जाहीर केले.

पण भारतीय मानक केवळ प्रसिद्ध झाल्याने बंधनकारक होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारला स्वतंत्र आदेश काढावा लागतो. बटणांच्या फोनचा प्रश्नही कायमचा बाजूला ठेवता येणार नाही. असा फोन वापरणारे कोट्यवधी लोक आहेत. त्यांत वयस्क आहेत, शेतमजूर आहेत, आणि स्मार्टफोन असूनही बॅटरी टिकते म्हणून दुसरा फोन बाळगणारे आहेत. टाइप-सीचा जॅक महाग पडतो हे कारण जॅक नवा होता तेव्हा पटण्यासारखे होते. आज स्वस्तातल्या इअरबडलाही टाइप-सी असते. ज्या घरात मुलाचा फोन टाइप-सीचा आणि आजीचा मायक्रोचा आहे, तिथे ‘एकच चार्जर’ ही घोषणा अजून पोहोचलेली नाही.

तोंड एक, क्षमता अनेक

या विषयातली सर्वांत मोठी अडचण इथे आहे. आपल्या घरातला भिंतीवरचा बोर्ड पाहा. पंख्याची, टीव्हीची सहा अँपिअरची पिन लहान आणि गीझरची सोळा अँपिअरची पिन मोठी. मोठी पिन लहान भोकात जातच नाही. आकारच क्षमता सांगतो, त्यामुळे न शिकलेल्या माणसाचीही चूक होत नाही. टाइप-सीने आकार एक केला आणि ही खूण नाहीशी झाली. त्याच आकाराच्या केबलमधून ५ वॅट जातात आणि २४० वॅटही. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, काही सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाने डेटा नेतात, तर काही त्याच्या कितीतरी पट वेगाने. सगळ्या दिसतात सारख्याच.

यामागची यंत्रणा समजून घेतली तर भीती आणि गोंधळ दोन्ही कमी होतात. टाइप-सी चार्जर फोनला जोडल्यावर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून फोन आणि चार्जर यांच्यात बोलणी होतात. चार्जर सांगतो, ‘माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत.’ फोन त्यातले पेलणारे मागतो. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चांगला चार्जर फोनला लावला तर फोन जळत नाही. फोन लागेल तितकीच वीज घेतो. साध्या टाइप-सी केबलवरून जास्तीत जास्त ६० वॅट जाऊ शकतात. त्याहून अधिक हवे असतील तर केबलच्या आत ओळख देणारी चिप असावी लागते. ती नसेल तर बोलणी ६० वॅटवर थांबतात आणि मोठा लॅपटॉप कुरकुरतो.

काही स्वस्त उपकरणे जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलवर चार्ज होतात, पण दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर होत नाहीत. त्यांत उत्पादकाने मानकात सांगितलेले दोन छोटे रोधक घातलेले नसतात. ते नसले की चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. रोधकाला पैसे लागतात ते नगण्य. इतकी बचत करून उत्पादक अख्ख्या मानकावर पाणी फिरवतो आणि ग्राहक समजतो की आपलाच चार्जर बिघडला.

याहून मोठा अडथळा आहे तो कंपन्यांच्या स्वतःच्या जलद पद्धतींचा. भारतात खपणाऱ्या अनेक चिनी फोनमध्ये ओप्पोच्या व्हूकसारख्या पद्धती असतात. त्या व्होल्टेज कमी ठेवून विद्युतप्रवाह खूप वाढवतात, म्हणून त्यांना खास चार्जर आणि बहुधा खास केबलही लागते. तंत्र म्हणून ते उत्तम आहे. फोन अर्ध्या-पाऊण तासात भरतो. पण तोच फोन दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर पुष्कळदा १०-१८ वॅटवर उतरतो. वीस वर्षांपूर्वी वेगळेपण पिनेत दिसत होते. आता ते पिनेच्या आत गेले आहे.

कचऱ्याचा हिशेब

हे सगळे कशासाठी करायचे? सोय हे एक उत्तर, कचरा हे दुसरे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. युरोपियन आयोगाच्या अंदाजाने टाकलेले आणि न वापरलेले चार्जर तिथे वर्षाला ११ हजार टन कचरा करतात आणि अनावश्यक चार्जरांवर ग्राहकांचे वर्षाला सुमारे २५ कोटी युरो जातात.

एकूण कचऱ्यात चार्जरचा वाटा छोटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. केवळ तोंड एक केल्याने कचरा फारसा घटत नाही. युरोपच्या स्वतःच्या अंदाजातही या कायद्यामुळे वाचणारा कचरा वर्षाला हजार टनांच्या आतच आहे. खरी बचत होते ती खोक्यात चार्जर नसला तर. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२० पासून आणि सॅमसंगने २०२१ पासून महागड्या फोनसोबत चार्जर देणे थांबवले, तेव्हा पर्यावरणाचे कारण पुढे केले. पण चार्जर काढताना फोनची किंमत त्या प्रमाणात उतरली, असे ग्राहकाला दिसले नाही. ब्राझीलने तर यासाठी अ‍ॅपलला दंड केला. चार्जर न देणे योग्यच, पण न दिल्याचा फायदा ग्राहकाला दिसायला हवा. ‘चार्जरसह इतके, चार्जरशिवाय इतके’ असे दोन भाव खोक्यावर छापणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

चार्जर लहान असला तरी त्याचा कचरा निरुपद्रवी नाही. त्यात तांबे, प्लास्टिक, सर्किट आणि कपॅसिटर असतात. तांब्यासाठी केबल उघड्यावर जाळल्या जातात, तेव्हा पीव्हीसीच्या धुरात डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये असतात. दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हे काम हातमोजे-मास्कविना चालते. आपल्या कपाटातला निकामी चार्जर भंगारात गेला की त्याचा प्रवास बहुधा अशाच ठिकाणी संपतो.

वायरलेस चार्जिंग : तंत्र आणि प्रवास

वायरलेसचे तत्त्व जुने आहे. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते हे दाखवले. चार्जिंगच्या पॅडमध्ये तांब्याचे वेटोळे असते. त्यात सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो. फोनच्या पाठीमागच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज उमटते आणि बॅटरीत जाते. विजेचे टूथब्रश कित्येक वर्षे याच तत्त्वावर चार्ज होत आले आहेत.

फोनसाठी ‘क्यूआय’ हे मानक वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमने २०१० मध्ये आणले. त्याला दोन प्रतिस्पर्धी गट उभे राहिले. २०१५ मध्ये ते एकत्र येऊन एअरफ्युएल झाले. सॅमसंगने त्या वर्षी दोन्ही बाजूंना चालणारा फोन काढला. २०१७ मध्ये आयफोन ८ आणि आयफोन एक्स क्यूआयवर आले, तेव्हा पारडे झुकले. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला विरुद्ध गटातली प्रमुख कंपनी पॉवरमॅट क्यूआयमध्ये सामील झाली. केबलच्या बाबतीत जे कायद्याविना जमले नाही, ते इथे बाजाराने केले.

क्यूआयची मोठी अडचण होती नेमकेपणाची. दोन वेटोळी समोरासमोर नसली की वीज उष्णतेत जाते. रात्री फोन जरा सरकला आणि सकाळी तो रिकामाच, हा अनुभव त्यातूनच येई. २०२० मध्ये अ‍ॅपलने चुंबकांचे कडे बसवून हा प्रश्न सोडवला, आणि २०२३ मध्ये हीच युक्ती ‘क्यूआय-२’ या खुल्या मानकात आली. एका कंपनीचा चांगला शोध सगळ्यांचा कसा होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

गुण आणि किंमत

वायरलेसचे गुण खरे आहेत. जॅक झिजत नाही. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत गंजणाऱ्या किंवा खिशातल्या धुळीने भरणाऱ्या जॅकच्या कटकटीतून सुटका होते. जॅक बिघडलेला फोन कामात राहतो. नजर मंद झालेल्या, हात थरथरणाऱ्या किंवा दृष्टिहीन माणसाला बारीक भोक शोधावे लागत नाही, फोन नुसता ठेवला की झाले. हा गुण सर्वांत मोठा मानायला हवा. गाडीत आणि कार्यालयातल्या टेबलावरही ही सोय चांगली आहे.

पण तिची किंमत मोजावी लागते. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. रोज एकदा भरली तर वर्षाला सात युनिट. केबलने चार्ज करताना वाटेत ढोबळमानाने १५-२० टक्के वाया जाते, वायरलेसने ३०-४० टक्के. एका फोनमागे वर्षाला फरक दोन-तीन युनिटचा. घरच्या बिलात तो कळणारही नाही. पण देशातले ५० कोटी फोन असे चार्ज होऊ लागले, तर जास्तीची वीज वर्षाला शंभर ते दीडशे कोटी युनिट होईल. तेवढ्यासाठी ६०० ते १,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प लागेल.

वाया गेलेली वीज उष्णता होते आणि उष्णता लिथियम बॅटरीची वैरी आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे खोलीच चाळिशीला टेकते, तिथे फोन पॅडवर तापवणे बॅटरीच्या आयुष्याला मानवणारे नाही. साध्या पॅडवर चार्जिंग चालू असताना फोन हातात घेऊन बोलताही येत नाही. पॅडलाही शेवटी केबल आणि अडॅप्टर लागतातच, म्हणजे वस्तू कमी होत नाहीत, एक वाढते. आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी चुंबकवाले फोन आणि पॅड छातीपासून निदान १५ सेंटिमीटर, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटर दूर ठेवावेत, हा वैद्यकीय सल्ला पाळलाच पाहिजे.

सामाईकतेची जुनी दुखणी इथेही आहेत. काही कंपन्यांचे ५० वॅटचे वायरलेस चार्जिंग त्यांच्याच पॅडवर चालते, दुसऱ्या पॅडवर वेग कोसळतो. युरोपियन कायदा केबलने चार्ज होणाऱ्या उपकरणांना लागू आहे. उद्या कोणी जॅकच नसलेला फोन काढला तर तो या नियमातून निसटेल. म्हणून वायरलेसचे मानकही वेळीच बंधनकारक व्हायला हवे, नाहीतर ३० पिनांचा जमाना ३० पॅडांच्या रूपाने परत येईल.

काय करायला हवे

टाइप-सी ही पायाभूत सोय आहे आणि वायरलेस ही तिच्या जोडीची सुविधा. दुसरी पहिलीची जागा घेऊ शकत नाही. भारत सरकारने टाइप-सीचे मानक तारखेसह बंधनकारक करावे, बटणांच्या फोनलाही थोडी जास्त मुदत देऊन त्यात आणावे, आणि नियम तोंडापुरता न ठेवता पॉवर डिलिव्हरीपर्यंत न्यावा. प्रत्येक चार्जरवर आणि केबलच्या टोकावर वॅट ठळक छापणे सक्तीचे करावे. चार्जरशिवायचा भाव खोक्यावर असावा. वायरलेस द्यायचे असेल तर ते क्यूआय-२ नुसार द्यावे आणि जॅक काढू नये.

ग्राहकाला मात्र सरकारी आदेशाची वाट पाहत बसायचे कारण नाही. पुढचा चार्जर घेताना तीन गोष्टी पाहा : त्यावर ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिले आहे का, किती वॅट लिहिले आहेत, आणि मानक ब्युरोच्या चिन्हाखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. ४५ किंवा ६५ वॅटचा एक चांगला चार्जर आणि दोन चांगल्या केबल एवढ्यावर बहुतेक कुटुंबांचे भागते. बाकीचे निकामी चार्जर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि नव्या फोनसोबत न लागणारा चार्जर नाकारण्याचा हक्क मागा. ग्राहकांनी मागितल्याशिवाय तो मिळणार नाही.